डोळ्यांच्या गोळ्या

आदगोंडा पाटील दारू पीत नव्हते.

हे आधीच सांगून टाकते. कारण आमच्या गडमुडशिंगीत त्यांच्याबद्दल कुणालाही विचारलं तरी याच्या उलटंच ऐकायला मिळेल. "बसवाले आण्णा व्हय? माणूस चांगला हुता वो, पण घेत हुता." हे 'पण घेत हुता' मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की आता भांडायचंही सोडून दिलंय. पोटात पाणी होऊन माणूस गेला म्हटलं की लोकांना त्याचं एकच कारण माहीत असतं.

मी कोल्हापुरातल्या एका इंग्रजी शाळेत मराठी शिकवते. शाळेची पिवळी बस आमच्या गावातून निघते आणि मुलं गोळा करत उचगाववरून शहरात जाते. ती बस आण्णा चालवायचे. ड्रायव्हरच्या पाठीमागची खिडकीची जागा माझी. त्यामुळं वर्षानुवर्षं मी त्या माणसाची मान, कान आणि आरशातले डोळे एवढंच पाहत आले. समोरून त्यांना फार कमी पाहिलं असेल.

आण्णा मूळचे कुरुंदवाडकडचे, जैन शेतकऱ्याच्या घरातले. वाटण्या झाल्यावर हातात स्टिअरिंग धरलं ते धरलंच. उंच, वाळका माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर गंधाचा बारीक ठिपका. सूर्य बुडाल्यावर पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, हा नेम. स्नेहसंमेलनाला उशीर होणार असला की मैदानाच्या कडेला बस लावून, दिवस असतानाच डबा उघडायचे. आम्ही रात्री पुरीभाजी खात असताना ते बसच्या काचा पुसत असायचे. काच पुसणं हा त्यांचा छंदच होता. बस थांबली की रद्दीचा कागद आणि पाणी घेऊन खाली. "बाई, काच म्हंजे डायवरचा चष्मा. चष्मा घाण आसंल तर माणूस आंधळा आन् गाडी बी आंधळी."

पोरांची नावं त्यांना कधी पाठ झाली नाहीत. ते पोरांना स्टॉपवरून हाका मारायचे. "ए पिठाची गिरणी, हात आत घे!" "पाण्याची टाकी, दप्तर वाटंत ठेवू नगंस." एका मुलीनं घर बदललं, दुसऱ्या स्टॉपवरून चढायला लागली, तरी ती शेवटपर्यंत पिठाची गिरणीच राहिली. उशीर करणाऱ्या पालकांना ते खिडकीतून ऐकवायचे, "पोराला शाळा हाय, तुमाला न्हाई, ठावं हाय. पण जरा लवकर उठत चला." पालकांना हे आवडायचं नाही. ड्रायव्हरनं पालकाला बोलायचं म्हणजे काय!

त्यातल्या एका पालकाचा राग पुढं महागात पडला. त्या माणसाचा वाळूचा धंदा होता, त्याला सगळे वाळूवालाच म्हणत. एका दुपारी तो मुलाला न्यायला स्टॉपवर मोटारसायकलवरून आला तो झोकांड्या खात. वास आमच्या खिडकीपर्यंत आला. मुलगा दप्तर सावरत उठला, तर आण्णांनी बसचं दार बंद केलं.

"उघड की!" वाळूवाला ओरडला.

"न्हाई उघडत," आण्णा म्हणाले. "आईला लावून द्या. न्हाईतर पोरगं मी घरात सोडतो."

"माझं पोरगं हाय ते!"

"घरात तुमचं. गाडीत माझं."

आणि बस सुरू केली. सगळी मुलं उतरल्यावर त्यांनी बस त्या मुलाच्या घराकडं वळवली, दारात आईच्या हातात त्याचा हात दिला आणि परत आले. दारूचा त्यांना इतका तिटकारा होता की मित्राच्या वास्तुशांतीला मागच्या खोलीत बाटली उघडल्याचं कळल्यावर वाढलेल्या पानावरून उठून आले होते. "वास लागला की मला भूकच लागत न्हाई," एवढंच म्हणाले.

आण्णांना भीती एकाच गोष्टीची होती, नजर जाण्याची. त्यांच्या वडिलांना दिवेलागण झाली की दिसायचं नाही. भिंत चाचपत गोठ्याकडं जायचे. "आमी पोरं हसायचो," आण्णा एकदा म्हणाले. "बा पडायचा, आमी हसायचो." त्यापुढं आरशात त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

मग एका थंडीत, सकाळच्या धुक्यात, रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती. मागं ना दिवा, ना लाल पट्टी. आण्णांना ती दिसली तेव्हा बस तिच्या अगदी जवळ पोचली होती. त्यांनी असा ब्रेक मारला की मागची मुलं सीटवरून घसरली. कुणाला काही लागलं नाही. आण्णा खाली उतरले, ट्रॉलीतून बाहेर आलेल्या उसाच्या वाड्याला, हिरव्या शेंड्यांना, हात लावून पाहिला आणि परत येऊन बसले. खरं तर त्या धुक्यात ती ट्रॉली कुणालाच दिसली नसती. मी तसं म्हटलंही. पण त्यांच्या मनात बापाची भिंत उभी राहिली होती.

त्याच आठवड्यात ते डोळ्याच्या डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरांनी सांगितलं, डोळे कोरडे पडलेत, मोतीबिंदूची जरा सुरुवात आहे, घाबरण्यासारखं काही नाही. थेंब दिले, थोडे दिवस घ्यायला अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि संपल्यावर परत दाखवायला सांगितलं. औषधाच्या दुकानात आण्णांनी एकच प्रश्न विचारला, "ह्यात मासा न्हाई न्हवं?" माशाच्या तेलाच्या गोळ्या असतात हे त्यांना माहीत होतं. दुकानदारानं नाही म्हटलं. चघळायच्या, नारिंगी चवीच्या गोळ्या होत्या त्या. त्यात काय नाही ते आण्णांनी नीट विचारून घेतलं. किती आहे, ते विचारायचं त्यांना सुचलं नाही.

गोळ्या संपल्या. आण्णांना बरं वाटत होतं. परत डॉक्टरकडं जायच्या ऐवजी ते पुन्हा दुकानात गेले आणि रिकामी बाटली दाखवली. दुकानदारानं तसलीच दुसरी काढून दिली. पुढं रोजची एक होती तिच्या दोन झाल्या, मग सकाळी दोन आणि दिवस मावळायच्या आत दोन.

"डॉक्टरांनी परत बोलावलं होतं ना?" मी विचारलं.

"बरं झाल्यावर डाक्टरकडं जाऊन काय करायचं? आजारी माणसाची जागा अडवायची?"

त्यांच्या बायकोला, पद्मावैनींना, ते पटत नव्हतं. एका रविवारी मी घरी गेले होते तेव्हा माझ्यासमोरच दोघांची जुंपली.

"एक पोतं खत टाकलं की पीक येतंय," आण्णा म्हणाले. "दोन टाकली की जास्त येतंय. साधा हिशोब हाय."

"आन् जास्त युरिया टाकल्यावर पीक जळतंय, ते?" वैनी म्हणाल्या.

"ऊस येगळा, डोळं येगळं."

असं दोन-तीन वर्षं चाललं, मग मला दिवस गेले. आण्णांना कळलं तसं एका सकाळी त्यांनी कागदात गुंडाळलेली नवी बाटली माझ्या हातात ठेवली. "घ्या बाई. बाळाचं डोळं चांगलं हुतील." मी ती घेतली, पण खाण्याआधी माझ्या डॉक्टरीणबाईंना दाखवली. बाटलीवरचं वाचून त्यांचा चेहराच बदलला. "ही कुणी दिली? इतक्या ताकदीचं अ जीवनसत्त्व गरोदरपणात घ्यायचं नाही. बाळाला व्यंग येऊ शकतं." मग म्हणाल्या, "देणारा स्वतः रोज खातो का? त्यालाही सांगा. हे मनानं घ्यायचं औषध नव्हे."

दुसऱ्या दिवशी मी आण्णांना सांगितलं. ते इतके घाबरले की गाडी बाजूला घेतली. "तुमी खाल्ली न्हाईसा न्हवं? खरं सांगा बाई. एक बी न्हाई न्हवं?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी पार्श्वनाथाचं नाव घेतलं. मग मी दुसरा निरोप सांगितला, की तुम्हीही बंद करा. तेव्हा आरशातल्या डोळ्यांत हसू आलं.

"मी काय बाळंत हुणार हाय व्हय, बाई?"

बसमधल्या मदतनीस मावशी खो खो हसल्या. मी पुन्हा सांगायला गेले तर म्हणाले, "आवो, औषध न्हवं ते. जीवनसत्त्व. नावातच जीवन हाय." मराठीच्या बाईला मराठीतूनच गप्प केल्याचा त्यांना आनंद झाला होता.

मी बाळंतपणाच्या रजेवरून परत आले तेव्हा आरशातला माणूस बदललेला होता. भुवया जवळजवळ नव्हत्याच. ओठांना चिरा पडलेल्या, हाताची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटत होती. डोकं सारखं दुखायचं. ज्या माणसानं पोरांवर कधी खरोखरचा आवाज चढवला नव्हता, तो दप्तर पडल्याच्या आवाजानं खेकसायला लागला होता. खाली उतरताना हाडं दुखतात म्हणून दाराचा दांडा धरून एकेक पायरी उतरायचे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, अधूनमधून समोरचं धूसर, कधी दुहेरी दिसायला लागलं होतं. पुढं कळलं की तोही गोळ्यांचाच परिणाम होता. आण्णांनी मात्र त्याचा अर्थ असा लावला की नजर चालली. त्यांनी गोळ्या वाढवल्या, शिवाय दुकानातून 'डोळ्यांसाठी' म्हणून आणखी दोन तऱ्हेच्या आणल्या.

एका सकाळी उचगावजवळ त्यांनी बस बाजूला घेतली, उतरले आणि गटाराच्या कडेला ओकले. परत चढताना तोल गेला. नेमका तेव्हाच वाळूवाला पलीकडच्या टपरीवर चहा पीत उभा होता. त्यानं मोबाईलवर ते सगळं टिपलं. आमचा पहिला तास सुरू व्हायच्या आत तो व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर फिरला होता. खाली लिहिलं होतं, 'आपली मुलं कुणाच्या हातात आहेत बघा.'

दुपारी मुख्याध्यापकांच्या खोलीत पालक जमले. मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी गेले. म्हटलं, मी रोज त्यांच्या मागं बसते, हा माणूस दारूला शिवत नाही. वाळूवाला म्हणाला, "मॅडम, तुमी मागं बसतासा. वास तोंडातनं येतोय, मानंतनं न्हाई." दोघं-तिघं हसले. आण्णा भिंतीला टेकून उभे होते. ते एवढंच म्हणाले, "मशीन आणा. फुंकतो." कुणीतरी खरंच दारू तपासायचं मशीन मागवलं. आण्णांनी फुंकलं. काहीही निघालं नाही. मागून एक पालक म्हणाला, "आज घेतली नसंल."

त्या दिवशी ते गाडी चालवायच्या लायक नव्हते, हे मलाही दिसत होतं. आजारी माणूस आहे, डॉक्टरकडं न्या, असं एकानं जरी म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण शाळेनं रजेवर जायला सांगितलं ते चेहरा न बघता, आणि आण्णांनी किल्ली टेबलावर ठेवली.

घरी त्यांचा मुलगा अजित होता. एमआयडीसीत कामाला, शांत मुलगा. मी दुसऱ्या दिवशी गेले तर आण्णा अंगणात खुर्चीवर होते आणि अजित आत त्यांची कामावरची पिशवी उलटीपालटी करत होता. त्यानं वडिलांची पाण्याची बाटली उघडली आणि नाकाशी धरली. मान वर केली तर दारात आण्णा उभे.

"वास घिऊन झाला?" आण्णा म्हणाले. "आता पिऊन बी बघ."

अजितनं बाटली खाली ठेवली.

पोट फुगायला लागलं, डोळे पिवळे झाले, तेव्हा त्यांना शहरातल्या एका दवाखान्यात दाखल केलं. मोठे डॉक्टर फेरीला आले, पोटावर बोटं वाजवली, रिपोर्ट पाहिले आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारलं, "किती वर्षं पिताय?"

"कधीच न्हाई."

डॉक्टरांनी अजितकडं पाहिलं. अजितनं मान खाली घातली. वडील पितात असं तो म्हणाला नाही, पण नाही पीत असंही म्हणाला नाही. आण्णांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. "कुठली औषधं चालू आहेत?" या प्रश्नाला ते भिंतीलाच म्हणाले, "औषध एक बी न्हाई." त्यांच्या दृष्टीनं ते खरं होतं.

ते कोडं सुटलं एका शिकाऊ डॉक्टर मुलीमुळं. पद्मावैनी त्यांच्या सोललेल्या हाताला खोबरेल लावत होत्या, ते बघून ती थांबली. भुवया कधी गेल्या, केस कधी गळले, हाडं दुखतात का, असं विचारत गेली. मग म्हणाली, "काढा, चूर्ण, ताकदीच्या गोळ्या, काही खातात का?"

"ताकदीच्या न्हाईत," वैनी म्हणाल्या. "डोळ्याच्या खात्यात."

दुसऱ्या दिवशी वैनींनी कापडी पिशवीतून सगळ्या बाटल्या आणल्या. मी तिथंच होते. त्या मुलीनं त्या पलंगावर मांडल्या आणि एकेकीवरचं वाचलं. नावं तीन तऱ्हेची होती, रंग वेगळे होते, आत तेच अ जीवनसत्त्व होतं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि अगदी साध्या शब्दांत म्हणाली, "आजोबा, काही जीवनसत्त्वं जास्त झाली तर बरीचशी लघवीतून निघून जातात. हे तसं जात नाही. हे लिव्हरमध्ये साठत राहतं. थोडं साठवायला लिव्हर असतंच, पण तुम्ही वर्षानुवर्षं भरत राहिलात. त्यानं लिव्हर निबर झालंय."

आण्णांनी एक बाटली हातात घेतली आणि खाली ठेवली. आता बरा होईन का, किती दिवस आहेत, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. अजितकडं वळून म्हणाले, "ऐकलंस न्हवं? दारू न्हवं."

अजित पायाशी बसून रडायला लागला. आण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. मी वाट पाहत होते, पण नाही ठेवला.

त्या संध्याकाळी मी पालकांच्या ग्रुपवर सगळं लिहिलं. गोळ्या कुठल्या, किती, डॉक्टर काय म्हणाले. डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढंच आणि तेवढेच दिवस घ्या, कुठंही दाखवायला गेलात तर व्हिटॅमिनच्या गोळ्यासुद्धा सांगा, असंही लिहिलं. थोडे जोडलेले हात आले. मग वाळूवाल्यानं लिहिलं, 'व्हिटॅमिननं लिव्हर जातंय तर आम्ही पण उद्यापासून व्हिटॅमिनच घेतो, सोड्यातून.' त्याच्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. जोडलेल्या हातांपेक्षा ती लांब होती. आमच्या गल्लीतल्या एक बाई माझी समजूत घालत म्हणाल्या, "मॅडम, तुमचा जीव चांगला हाय. पण घरातली मंडळी झाकूनच सांगणार की."

गोळ्या बंद झाल्यावर वरवरचं सगळं सुधारलं. डोकेदुखी थांबली. कातडी जुळली, बाळाच्या जावळासारख्या बारीक भुवया परत आल्या. धूसर दिसणं गेलं. लिव्हर तेवढं सुधारलं नाही. पोटातलं पाणी काढायचे, ते पुन्हा भरायचं. ऊस तुटायला लागला तेव्हा आण्णा गेले. शाळेतून कुणी आलं नाही. स्मशानातून परतताना माझ्या पुढं चाललेल्या दोघांचं बोलणं ऐकू आलं. "वय काय न्हवतं गा." "व्हय. पण सोडाय पायजे हुती वेळंवर."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी काही दिवस, मी शाळेला रजा टाकली होती तेव्हा. अंगणात खुर्ची रस्त्याकडं करून बसले होते. अंगावर शाल, शालीखाली पोट. ऊन उतरलं होतं. पद्मावैनी जेवणाचं बघायला आत गेल्या होत्या, दिवस बुडायच्या आत त्यांना दोन घास भरवायचे होते. मी शेजारी बसले.

परतीची पिवळी बस आली आणि समोरच्या वळणावर हळू झाली. नवा ड्रायव्हर तरणा होता. आण्णा खुर्चीत जरा सावरून बसले. खिडक्यांतून मुलांचे चेहरे दिसत होते. आण्णांनी शालीतून हात बाहेर काढला आणि वर केला.

पुढच्या खिडकीतल्या एका लहान मुलीनं त्यांना ओळखलं. तिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं. मग अंगठा तोंडाकडं नेला, मान मागं टाकली आणि घोट घेतल्याचं सोंग केलं. दोघी हसल्या. बस वळली.

माझ्या मनात आलं, बरंच अंतर आहे, उजेडही कमी झालाय. यांना दिसलं नसेल.

आण्णांनी हात खाली घेतला, शालीच्या आत ठेवला.

"नजर साफ झाली बाई माझी," ते म्हणाले. "समदं दिसतंय."

आतून वैनींनी जेवायला हाक मारली. ते उठले नाहीत.